९५ टक्क्यांचा धाक घालणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गोळ्या घेण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली गेलं की औषध कायमचं निकामी, पेशंट गोळ्यांबद्दल खोटंच बोलतात, म्हणून घरच्यांनी रोज डबी मोजावी, मुरलेला डॉक्टर चेहऱ्यावरूनच ओळखतो, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'सापडला नाही' असा आला की औषध थांबवायला हरकत नाही.

हा मेसेज माझ्या नात्यातल्या एका ताईपर्यंत पोचला. तापात तिच्या लागोपाठ दोन गोळ्या राहिल्या होत्या. तिनं फोन करून मला विचारलं, "आता पुढच्या घेऊन काय उपयोग?" तोवर तिनं गोळ्या घेणं थांबवलंही होतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना याची कल्पना तरी आहे का?

आधी त्या ९५ टक्क्यांचं बघू. महिन्याच्या ३० गोळ्यांतल्या दोन राहिल्या की ९३ टक्के होतात, म्हणजे मेसेजच्या हिशेबानं सगळं संपलं. हा आकडा मुळात आला पॅटरसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून. तो २००० साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गोळ्यांच्या बाटलीला चिप असलेलं झाकण लावलं होतं. झाकण उघडलं की वेळेची नोंद व्हायची. ९५ टक्के किंवा त्याहून जास्त डोस घेणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांत विषाणू आटोक्यात आला नाही, आणि ८० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के होतं. म्हणजे गोळ्या जितक्या चुकतात तितका धोका वाढत जातो. ९५ ओलांडणारे सगळे सुरक्षित नव्हते आणि खाली राहिलेले सगळे बुडाले नव्हते. एक गोळी कमी पडली की औषध मेलं, असं त्यात कुठेही नाही. शिवाय ती औषधं त्या काळची, प्रोटीज इनहिबिटर गटातली. आजच्या डोल्युटेग्राव्हिरसारख्या औषधाला विषाणू सहजासहजी दाद न देणारा होत नाही.

म्हणून गोळ्या चुकवाव्यात असं मी अजिबात म्हणत नाही. वारंवार खंड पडला की रक्तात औषध अपुरं राहतं, विषाणू वाढतो आणि त्या औषधाला सरावतो. पण दोन गोळ्या राहिल्यावर करायचं काय, तर आठवल्याबरोबर घ्यायची; पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर तो डोस नेहमीसारखा घ्यायचा, दुप्पट नाही. व्हायरल लोड १,००० च्या (मिलिलिटरभर रक्तात विषाणूच्या तेवढ्या प्रती) वर गेला तरी सहसा आधी समुपदेशन होतं आणि काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. औषध न बदलताही अनेकांचा लोड खाली येतो. दार बंद होत नाही.

चेहऱ्यावरून ओळखण्याबद्दल त्याच अभ्यासात उत्तर आहे. कोण गोळ्या नीट घेतं याचा डॉक्टरांचा अंदाज ४१ टक्के पेशंटच्या बाबतीत चुकला होता. मेसेजवाल्यांनी ९५ चा आकडा उचलला, हा नाही उचलला.

पेशंट खरं सांगत नाहीत, यात अर्धं तथ्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. घेतलेल्या गोळ्या लोक वाढवून सांगतात. पण का? "नीट घेताय ना?" असं दरडावून विचारल्यावर कुणीही "हो"च म्हणेल. "बऱ्याच जणांच्या राहतात, गेल्या चार दिवसांत तुमच्या किती राहिल्या?" असं विचारून बघा.

आणि डबी मोजून खरं कळतं हे कुणी सांगितलं? घरी मोजणी होणार हे माहीत असलं की उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये जातात. तपासणीच्या आदल्या रात्री स्ट्रिपा रिकाम्या करणारी माणसं असतात, आणि त्यांना तिथवर हा धाकच आणतो. चिपच्या झाकणाचीही फसगत होते: आठवड्याच्या गोळ्या एकदम काढून खणांच्या डबीत भरून ठेवणारा माणूस नोंदीत सहा दिवस चुकलेला दिसतो. रक्तातली औषधाची पातळी बहुतेक औषधांच्या बाबतीत फक्त शेवटच्या काही दिवसांचं सांगते, त्यामुळे भेटीआधी चार गोळ्या नेमानं घेतल्या की ती छान येते. केसांतल्या औषधावरून मात्र आठवड्यांचा, महिन्यांचा अंदाज बांधता येतो, पण ती तपासणी सरसकट होत नाही. म्हणून कुठल्याही एका मापावर न विसंबता, माणसाचं सांगणं, औषध नेल्याच्या तारखा आणि व्हायरल लोड एकत्र बघतात.

शेवटचा मुद्दा थोडक्यात, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. लोड 'सापडला नाही' म्हणजे औषधानं विषाणूला दाबून ठेवलंय, तो शरीरातून गेलेला नाही. औषध थांबवलं की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परत वर येतो. 'स्मार्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत ठरवून औषध थांबवत-सुरू करत राहणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती कमी झाली की गाठणारे) आणि मृत्यू जास्त झाले. २००६ साली ते प्रसिद्ध झालं.

ताईला मी त्याच दिवशी तिच्या काउन्सेलरशी बोलायला लावलं. गोळ्या त्याच रात्रीपासून पुन्हा सुरू झाल्या. हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी आता हेही त्याच ग्रुपवर पाठवावं.