पाटे वाढवले म्हणून गाडी अडीच टनाची होत नाही

गेल्या आठवड्यात जेवताना धाकट्या दिरानं ताटाशेजारी मोबाईल टेकवला. "वहिनी, हे बघा." तीन मिनिटांचा व्हिडिओ. गॉगलवाला एक जण पिकअपच्या मागच्या चाकापाशी उभा राहून सांगतोय: मागच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, दोन-दोन पाटे वाढवा, टायर एक नंबर मोठे टाका, १.७ टनाची गाडी अडीच टन हसत नेते. मागून बसत नाही, त्यामुळं ब्रेकही चांगले लागतात. हूक वेल्डिंग करून घेतला तर मळणी यंत्रही ओढता येतं. आणि आरटीओ काही पाटे मोजत बसत नाही.

पिकअपवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर हा व्हिडिओ फिरतोय. दिरानं नुसता बघितला असता तर मी गप्प बसले असते. पण हा गडी आदल्याच दिवशी पाटे टाकून आला होता. गाडी हप्त्यावरची. नारायणगावहून टोमॅटो भरून रात्रीची माळशेज घाट उतरून वाशीला जाते. म्हणून हा सगळा लिहिण्याचा उद्योग.

माझ्या वडिलांचं कमान-पाट्यांचंच काम होतं. भट्टीतून काढलेला लालभडक पाटा घणाखाली कसा वळतो हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघतेय. पाटा म्हणजे काय हे मला गॉगल लावून कुणी शिकवू नये.

पाटा वाढवला की गाडी किती बसते एवढंच बदलतं. वजन जातं ते हाउसिंगवर (मागच्या ॲक्सलचं लोखंडी आवरण), बेअरिंगवर, टायरवर, आणि वर चेसिसला पाट्याची ब्रॅकेट जिथं रिव्हेट केलेली असते तिथं. त्यातलं काय बदललं? काहीच नाही. कॅरेट वीस किलोचं धरा. पंच्याऐंशी कॅरेटला १,७०० किलो पुरे होतात, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळंच. अडीच टन म्हणजे सव्वाशे कॅरेट. गाडी खाली बसली नाही म्हणून वरची चाळीस कॅरेट हवेत तरंगत नाहीत. आधी गाडी बसायची तेव्हा जास्त भरलंय हे निदान डोळ्यांना दिसायचं.

पण "ब्रेक चांगले लागतात" हे ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला.

बऱ्याच पिकअपना मागच्या बाजूला चेसिसवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी खाली हाउसिंगला जोडलेली असते. मेकॅनिक त्याला लोड व्हॉल्व्ह म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात एलएसपीव्ही. त्या बिचाऱ्याकडे वजनकाटा नसतो. चेसिस आणि हाउसिंगमधलं अंतर कमी झालं की तो समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. अंतर जास्त असलं की गाडी रिकामी समजून दाब कमी ठेवतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन गाडी फिरायची. आता पाटे वाढवून तुम्ही भरलेली गाडी उचलून धरली. व्हॉल्व्हला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी कॅरेट भरल्यावर दिराला मी गाडीखाली घातलं. हाउसिंग आणि वर चेसिसला धक्का झेलायला लावलेलं रबर यांच्यात आडवी बोटं लावून मोजायला सांगितलं. रिकाम्या गाडीत आठ बोटं बसतात. जुन्या पाट्यांवर एवढ्याच मालाला चार राहायची. आता सहा! म्हणजे पाठीवर सतराशे किलो आणि व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी निम्मीच भरलीय. राहिलेलं सगळं पुढच्या ब्रेकच्या माथी. घाट उतरताना तेच तापणार, वास तेच मारणार आणि ऐन वळणावर दगाही तेच देणार. काही महाभाग यावर उपाय म्हणून दांडी तारेनं वर बांधून टाकतात. मग येताना रिकाम्या गाडीचं पावसात काय होतं ते त्यांनाच विचारा.

त्यात टाकलेला पाटा जाड. दिसायला आठ आणि दहा मिलिमीटरमध्ये फरक तो केवढा, पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. तेवढ्यानं त्या एका पाट्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. रिकाम्या गाडीत मागं बसून बघा, मणके मोजून होतील.

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करते. जुन्या पाट्यांची कमान उतरते, गाडी नेमून दिलेल्या वजनालाही बसते, हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर जातात आणि स्टेअरिंग हलकं लागतं. हे खरं आहे. त्यावर आहेत तेच पाटे ताव देऊन कमान मारून घ्या, नाहीतर त्याच मापाचा नवा संच टाका. रोजच दोन टन भरायचं असेल तर कंपनीनं दोन टनाला पास केलेली गाडी घ्या.

मोठ्या टायरचं थोडक्यात. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास ३० मिलिमीटरनं वाढतो, पण गाडी उचलली जाते फक्त १५. स्पीडचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या वर असते आणि चढाला ओढ कमी पडते. टायरच्या अंगावरचा भारांकही वाचा. १०५ लिहिलं असेल तर एका टायरला ९२५ किलो, दोघांना १,८५०. टायर फुगीर दिसला म्हणून हा आकडा वाढत नाही.

हूकचं गणित तर पाटीवर सोडवण्यासारखं. चाकांमधलं अंतर ३ मीटर आणि हूक मागच्या चाकापासून १.२ मीटर मागं असेल, तर हूकवर २०० किलो टेकले की मागच्या ॲक्सलवर २८० पडतात आणि पुढची चाकं ८० किलोनं हलकी होतात. ज्या चाकांनी वळायचं तीच.

आणि आरटीओ. पाटे मोजत नसतील, वजनकाटा तर माल मोजतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. रात्री दोन वाजता रस्त्यावर चाळीस कॅरेट टोमॅटो उतरवून कुणाच्या स्वाधीन करणार, हे व्हिडिओत सांगितलेलं नाही.

दिरानं काल पाटे काढून आणले. मजुरी दोन्ही वेळची गेली म्हणून तोंड पाडून बसलाय. मोठ्या टायरचा विषय अजून सोडलेला नाही. आज सकाळी पुन्हा विचारत होता, "पण वहिनी, फक्त मागचे दोन बदलले तर?"