सिरपची बाटली हलवली का?

मुलांच्या अपस्मारावरचा (फिट येण्यावरचा) लेख वाचला. झटका आला की मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा, हे त्यात नीट आलंय. औषधाला मात्र एकच ओळ मिळाली, आणि घरोघरी घोळ होतो तो तिथेच.

फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन या झटक्यांवरच्या औषधांचं सिरप म्हणजे सस्पेन्शन असतं, त्यातले औषधाचे बारीक कण तळाशी बसतात. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ जातात, झटके वाढतात. बाटली संपत आली की तेच डोस जास्त होतात, मूल झोकांड्या खातं, डोळे थरथरतात. मग सगळे म्हणतात, औषध बदला! चमच्याने मोजू नका, सुई नसलेली तोंडाची सिरिंज वापरा. डोस मिलीग्रॅममध्येही लिहून ठेवा, कारण कंपनी बदलली की एका मिलीलीटरमधलं प्रमाणही बदलू शकतं. डोस वजनावर ठरतो. मूल वाढलं आणि डोस तोच राहिला तर तो अपुरा पडू शकतो. दर भेटीत वजन सांगाच. डोस दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायचा का, हे आधीच विचारून ठेवा.

मिडाझोलम स्प्रे (चालू झटका थांबवायला नाकात मारायचं औषध) दिला असेल तर किती मिनिटांनी आणि किती फवारे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे पाच मिनिटांनी देतात. आजीआजोबांनाही दाखवून ठेवा. स्प्रेनंतर श्वासावर लक्ष हवं. झटका थांबला नाही किंवा श्वास मंदावला तर लगेच रुग्णवाहिका.

आणि हो, एकाने व्हिडिओ काढावा. डोळे, मान कुठे वळली ते दिसू द्या. वर्णनापेक्षा डॉक्टरांना तो जास्त उपयोगी पडतो.