नकाशा बघितलात, तक्ता बघितलात का?

गेल्या रविवारी काकांबरोबर नगररचना योजनेच्या जमीनमालकांच्या सभेला गेलो होतो. मंगल कार्यालय भरलेलं, भिंतीवर भलामोठा नकाशा, आणि जो तो बोट फिरवत आपला गट नंबर शोधतोय. आमचा नवा प्लॉट रुंद रस्त्याला लागून आलेला दिसला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. "चल, झालं काम," म्हणाले. पुनर्वाटप आणि मूल्यांकनाचा तक्ता, म्हणजे कुणाची किती जमीन गेली, किती परत आली आणि तिची किंमत किती धरली याचा हिशेब, कोपऱ्यातल्या टेबलावर होता. एकच प्रत. तिच्याभोवती चार माणसंही नव्हती.

ही योजना मला मनापासून पटते. भूसंपादनात रस्ता ज्याच्या शेतातून जातो तो उठतो आणि शेजाऱ्याच्या जमिनीला भाव येतो. इथे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते-बागा काढून प्रत्येकाला छोटा पण रेखीव प्लॉट परत देतात. मुंबई इलाख्यात याचा कायदा १९१५ सालीच झाला. पुण्यात शिवाजीनगरच्या पत्त्यांत 'एफ. पी. नंबर' असतो ना, तो फायनल प्लॉट याच पद्धतीतून आलेला.

पण जमीन दिली की हिशेब मिटला, हा आपला समज खोटा आहे. सुधारणांमुळे प्लॉटची जी किंमत वाढेल, तिच्या निम्म्यापर्यंत वाटा मालकाकडून घेता येतो. कायद्यातच आहे ते. समजा ४० गुंठे गेले, दर गुंठ्याला ५ लाख, म्हणजे २ कोटी. परत मिळाले २० गुंठे. आजच्या दराने त्यांचे १ कोटी, म्हणून भरपाई १ कोटी. योजना पूर्ण झाल्यावर तेच २० गुंठे ४ कोटींचे होणार असं धरलं, तर वाढ ३ कोटींची आणि तिचा निम्मा दीड कोटी. भरपाई वजा जाता ५० लाख आपणच भरायचे! आकडे उदाहरणापुरते आहेत, पण रीत हीच. हप्त्यांची सोय असते, तरी ज्याच्याकडे जमिनीशिवाय काही नाही त्याने हप्ता कुठून भरायचा?

सगळा खेळ त्या '४ कोटीं'वर आहे. ही किंमत योजनेचा इरादा जाहीर झाला त्या तारखेला धरून अंदाजाने काढतात. तो अंदाज कुठल्या व्यवहारांवरून काढला, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नकाशाएवढाच मोठा तक्ता भिंतीवर लावा, मराठीत, आणि एका प्लॉटचा हिशेब सभेत मोठ्याने वाचून दाखवा. सही घेण्याआधी प्रत्येकाच्या हातात त्याच्या ओळीची प्रत द्या. कुणावर उपकार नाहीत, पैसे आमचे आहेत.

आणि ज्यांच्या गावात योजना येतेय त्यांना हात जोडून सांगतो: योजनेचं प्रारूप (कच्चा मसुदा) प्रसिद्ध झालं की हरकतीला ३० दिवस मिळतात. तोंडी बोलून येऊ नका. लेखी द्या, दराबद्दल स्पष्ट लिहा, पोच घ्या. पुढे लवादाची (प्लॉट आणि रकमा ठरवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची) नोटीस आली की सातबारा आणि आसपासच्या खरेदीखतांच्या नकला घेऊन स्वतः जा. काकांची फाइल मी कालपासून लावायला घेतली आहे.