गप्प बसण्याचे दर

तुम्ही गप्प बसता, हे उत्तमच. पण फुकट का बसता? गप्प बसणं हा जुना, प्रतिष्ठित धंदा आहे. येत नसेल तर इंग्रजांकडून शिका.

त्यांनी त्यासाठी 'मम' नावाचा शब्दच ठेवलाय. मिटल्या ओठांतून जेवढा आवाज निघतो, तेवढाच हा शब्द. उच्चाराला व्याकरण लागत नाही, आचरणाला कणा लागत नाही. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंड या कवीनं 'पिअर्स प्लाउमन'मध्ये वकिलांवर लिहून ठेवलंय की पैसे दाखवण्याआधी यांच्या तोंडून 'मम' काढण्यापेक्षा मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवरचं धुकं मोजणं सोपं! म्हणजे तेव्हा 'मम' हा निदान आवाज तरी होता. पुढे तोही गेला आणि 'मम' म्हणजे साफ चिडीचूप. प्रगती म्हणतात ती हीच.

आदर्श हवाच असेल तर शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या दुसऱ्या भागातला ह्यूम पाद्री घ्या. चेटूक करवून घ्यायला ग्लॉस्टरची डचेस त्याला सोनं देते. तिला त्याच चेटकात अडकवायला कार्डिनल आणि सफकचा ड्यूक हेही सोनंच देतात. पठ्ठ्या दोन्हीकडचं खिशात घालतो आणि स्वतःला बजावतो : ओठांना मोहोर लाव, 'मम'पलीकडे शब्द नको. (पुढे त्याला फाशी होते. पण धंदा म्हटला की चढउतार आलेच.)

सरकारचाही या कलेला पाठिंबा असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं 'कीप मम, शीज नॉट सो डम्ब' (गप्प राहा, बाई तेवढी मठ्ठ नाही) असं पोस्टर काढलं. त्यात एक देखणी बाई रेलून बसलीय, भोवती तिन्ही दलांचे अधिकारी गप्पांत रंगलेत. बाई नुसती ऐकतेय. तिघांच्या छातीवर गणवेश आहेत, अक्कल कुणाकडे आहे ते दिसतंच.

आपलं घोडं इथंच पेंड खातं. आपल्याकडेही 'मम' आहे, पण तो तोंडानं म्हणायचा असतो. भटजी संकल्प सांगतात, यजमान 'मम' म्हणतो, आणि वर दक्षिणाही यजमानच देतो. सोसायटीच्या सभेत तरी दुसरं काय होतं? टाकीदुरुस्तीचा फुगलेला आकडा सेक्रेटरी घाईघाईनं वाचतात, आपण सामोशाचा तुकडा गिळून मान डोलावतो आणि महिनाअखेरीस वाढीव मेंटेनन्स भरतो.

तेव्हा यापुढे मान डोलवायची नाही. सामोसा खाली ठेवायचा, घसा खाकरायचा आणि सेक्रेटरींकडे नुसतं बघत राहायचं. शहाणा माणूस असेल, तर तोच दर विचारेल.