रेड हिलला नुसता अपघात म्हणून सोडता येणार नाही

सर, कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की हवाईच्या रेड हिलमध्ये, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या जमिनीखालच्या इंधनसाठ्यात, टाकी फुटलीच नव्हती, ट्रॉलीची धडक बसून पाइपचा व्हॉल्व्ह तुटला, म्हणजे अपघात झाला, आणि मी उगाच जमिनीखालच्या टाक्यांची भीती घालतोय. धडक बसली हे खरंय, 20 नोव्हेंबर 2021 ला. पण तो पाइप इंधनाचा नव्हताच हो! आग विझवायच्या सिस्टिमचा तो प्लास्टिकचा ड्रेन पाइप, त्यात विमानाचं इंधन आलं कुठून?

ते आलं त्याच वर्षी 6 मे ला. इंधन इकडून तिकडे घेताना लाइन फाटली, नौदलानं सांगितलं दीड हजार गॅलनच्या आसपास सांडलं आणि जवळपास सगळं गोळा पण केलं. प्रत्यक्षात 20 हजार गॅलनच्या आसपास इंधन त्या ड्रेन पाइपात जाऊन बसलं होतं आणि सहा महिने तिथंच होतं. किती होतं, किती गेलं, किती उरलं, एवढी वजाबाकी कोणी शेवटपर्यंत नेली असती तर ते मे मध्येच सापडलं असतं. आपल्याकडे साध्या पेट्रोल पंपावर सकाळी डिप घेऊन, म्हणजे टाकीत मोजपट्टी घालून साठा बघून, रजिस्टरला मांडतात ते याचसाठी ना?

आणि टाकी गळत नाही असंही नाही. जानेवारी 2014 मध्ये तिथलीच 5 नंबरची टाकी दुरुस्तीनंतर भरताना गळली, 27 हजार गॅलन गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या 20 टाक्या, एकेक सव्वा कोटी गॅलनची, काँक्रीटला आतून पोलादी पत्रा, आणि खाली जेमतेम 100 फुटांवर होनोलुलूला पाणी देणारा भूजलाचा साठा. डबल वॉल, दोन भिंतींमधला सेन्सर, गंज लागू नये म्हणून कॅथोडिक प्रोटेक्शन (पत्र्याला हलका वीजप्रवाह देणं) हे तुम्ही सांगितलेलं सगळं नव्या टाकीला हवंच, माझा त्याला अजिबात विरोध नाही, पण सेन्सर टाकीपुरता बघणार, ड्रेनमध्ये गेलेलं इंधन त्याला कसं कळणार?

नोव्हेंबरच्या धडकेनंतर ड्रेन पाइपातलं ते इंधन नौदलाच्या पाण्याच्या विहिरीत उतरलं, त्या पाण्याच्या लाइनवर 93 हजार माणसं होती, लहान मुलं होती, नळाला इंधनाचा वास यायला लागला तेव्हा लोकांना कळलं. होनोलुलू शहराला हलावा भागातली आपली विहीर बंद करावी लागली आणि मार्च 2022 मध्ये रेड हिल कायमचं बंद करायचं ठरलं.

तुम्ही इतकी वर्षं इंधनाच्या टर्मिनलवर काढलीत म्हणून विचारतो, तुमच्याकडे स्टॉकमध्ये किती लिटरचा फरक आला की काम थांबवायचे, आणि तो अधिकार कोणाकडे असायचा? इथंच लिहा, पुढच्या लेखात घ्यायचंय.