‘शाप की वरदान’ राहू द्या, ते टक्के आले कुठून ते लिहा

२५ एप्रिल हा डीएनए दिन. १९५३ साली याच तारखेच्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली, म्हणून. त्या निमित्ताने अमेरिकन सोसायटी ऑफ ह्यूमन जेनेटिक्स ही संस्था नववी ते बारावीच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा घेते. शब्दमर्यादा ७५०. मला ही कल्पनाच फार आवडते. पण वंशाचं मूळ सांगणाऱ्या डीएनए चाचण्यांसारखा विषय समोर आला की शाळकरी निबंधाची जुनी खोड उफाळून येते. आधी फायदे, मग तोटे, शेवटी ‘सारे काही वापरणाऱ्याच्या हाती’. असा निबंध चाचणीचा अहवाल न उघडताही लिहिता येतो, माझी हरकत नेमकी तिथे आहे.

अहवालात काय असतं? रंगीत नकाशा आणि टक्के. इथले ४३, तिथले ३१, आणि कुठल्यातरी अनोळखी कोपऱ्यातले २. माणूस त्या २ टक्क्यांवरच भाळतो! पण हे येतात कसे? लाळेच्या नमुन्यातून कंपनी सहसा अख्खा डीएनए वाचत नाही. ३०० कोटींहून जास्त अक्षरांपैकी, जिथे माणसामाणसांत फरक आढळतो अशी काही लाख ठिकाणं तपासते. मग गुणसूत्रांचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येक भाग आपल्याकडच्या संदर्भगटांशी ताडून बघते. हे संदर्भगट म्हणजे मुख्यतः आजची, जिवंत माणसं, ज्यांची मागची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं एकाच भागातली असल्याचं माहीत आहे. जो भाग ज्या गटाशी जास्त जुळेल तो त्याच्या खात्यात, आणि शेवटी बेरीज.

म्हणजे ‘तुमचे पूर्वज तिथून आले’ असं ते टक्के म्हणतच नाहीत. ‘आमच्याकडे ज्यांचे नमुने आहेत, त्या आजच्या तिथल्या लोकांशी तुमचा एवढा भाग मिळताजुळता आहे’, एवढंच म्हणतात. जिथले नमुनेच थोडे, तिथल्या माणसाच्या पदरी मोघम उत्तर पडतं. कंपनीने नमुने वाढवले, गणित सुधारलं की अहवाल बदलतो आणि कालचे ११ टक्के आज ४ होऊ शकतात. पूर्वज बिचारे होते तिथेच असतात.

सख्ख्या भावंडांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत, आणि मग घरात नको त्या शंका डोकं वर काढतात. खरं तर काहीच गडबड नसते. निम्मा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून हे ठरलेलं, पण कुठला निम्मा ते दर खेपेला पत्ते नव्याने पिसल्यासारखं. जरा आणखी मागे जा. दहा पिढ्यांपूर्वी कागदावर तुमचे १०२४ पूर्वज भरतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डीएनएचा एक तुकडाही आज तुमच्यात नसतो. मग ते तुमचे कोणी नव्हते का? होतेच की, चाचणीला दिसत नाहीत इतकंच. पुरुषांतच असणारं वाय गुणसूत्र सांगतं ती फक्त बापाच्या बापाच्या बापाची ओळ, मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातला) डीएनए आईच्या आईच्या आईची. म्हणजे त्या १०२४ मधले फार तर दोघं. एवढ्यावर कुळाचा झेंडा मिरवणाऱ्यांनी बाकीच्या १०२२ जणांची सोय कुठे लावली ते एकदा सांगावं.

‘डीएनए माझा, मर्जी माझी’ हे वाक्यही अशा निबंधांत हमखास येतं. ते तितकं सरळ नाही. कॅलिफोर्नियात १९७०-८०च्या दशकांत खून आणि बलात्कार करणारा ‘गोल्डन स्टेट किलर’ २४ एप्रिल २०१८ला पकडला गेला, डीएनए दिनाच्या आदल्याच दिवशी. त्याने स्वतः कुठेही लाळ पाठवलेली नव्हती. दूरच्या नातेवाइकांनी आपली माहिती वंशावळीच्या संकेतस्थळांवर टाकलेली होती आणि तपास तिथून त्याच्यापर्यंत पोचला. गुन्हेगार सापडला, उत्तमच झालं. पण तीच वाट निरपराध माणसापर्यंतही जाते. २०२३ मध्ये अशा चाचण्या करणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या ग्राहकांची सुमारे १४ हजार खाती फोडली गेली आणि नातलग शोधून देणाऱ्या सोयीमुळे माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची! मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचा मालक कोण होणार, हा प्रश्न लोकांसमोर येऊन ठेपला.

म्हणूनच, निबंधाच्या उत्साहात एखाद्या शिक्षकाने ‘सगळ्यांनी चाचणी करून अनुभव लिहा’ म्हटलेलं मला अजिबात पटणार नाही. कोणी दत्तक असेल, कोणाचा जन्म दात्याच्या मदतीने झाला असेल, आणि घरच्यांनी ते अजून सांगितलेलं नसेल. पंधरा वर्षांच्या पोराला ही बातमी वर्गपाठातून कळावी का? चाचणी न करताही विषय शिकवता येतो.

प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं तर मी दोन सख्ख्या बहिणींचे बनवलेले अहवाल मुलांपुढे ठेवीन, आणि त्यांतल्या एकीचाच वर्षभराने बदललेला तिसरा. आकडे का वेगळे आले, त्यांतला कुठला फरक डीएनएमुळे आणि कुठला कंपनीच्या गणितामुळे, ते ७५० शब्दांत समजावून सांगा. मुलं चुकतील, अडखळतील, चालेल. परीक्षकांचीही त्याच त्या ‘नाण्याच्या दोन बाजूं’मधून सुटका होईल.