उसना कॅमेरा आणि मालकाचा स्वभाव

डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोह लागला की पुण्या-नागपूरकडचे पाहुणे शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून उतरू लागतात. त्यांतल्या एकाच्या तरी गळ्यात भलामोठा कॅमेरा असतो, आणि तो त्याचा स्वतःचा कधीच नसतो. ज्यांच्याकडे स्वतःचा आहे ते तो कपाटात ठेवून फोनने फोटो काढतात. कपाटातला मग मेहुण्याला, साडूला, साडूच्या शेजाऱ्याला प्रवासापुरता मिळतो. देताना मालक म्हणतो, "ने रे, नुसता पडून आहे." यातलं ‘पडून आहे’ पाहुण्याला त्या वेळी ऐकू येत नाही. ते ऐकू येतं किल्ल्यावर, कॅमेरा चालू होत नाही तेव्हा.

मालकाला फोन करून विचारावं, हा सरळ मार्ग. तो कुणी घेत नाही. "भाऊजी, तुमचा कॅमेरा..." एवढं म्हणताच पलीकडून "काय केलंस?" असं येणार, आणि पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात त्याची उजळणी होणार. त्यामुळे सगळी दुरुस्ती मालकाच्या नकळत, किल्ल्यावरच्या मानमंदिर वाड्याच्या पायरीवर बसून उरकायची असते. मला विचाराल तर ते जमण्यासारखं आहे. उसन्या कॅमेऱ्यात बिघाड थोडा आणि मालकाचा स्वभाव फार असतो.

तेव्हा काहीही फिरवण्याआधी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या सगळ्या सेटिंगांचे फोनवर फोटो काढून ठेवावेत. मेनूची पानं, वरच्या चकतीची खूण, लेन्सवरच्या बटणांच्या जागा, सगळं. परत देताना घर जसं होतं तसं लावून द्यायचं आहे. मेनूत ‘रीसेट’ नावाची एक मोहक ओळ असते, तिच्याकडे बघूही नये. तिने सगळं दुरुस्त होतं हे खरं, पण मालकाने लावलेली घडीही तिच्यासोबत जाते. मग चकती हिरव्या ऑटो खुणेवर आणून एक फोटो काढावा. तो नीट आला तर यंत्र निर्दोष आहे, दोष मालकाच्या सवयींत शोधायचा.

कॅमेरा अजिबात जागा होत नसेल तर आधी बॅटरीचं झाकण दाबून बघा. पुष्कळ कॅमेऱ्यांत हे झाकण पूर्ण बसल्याशिवाय वीज पुढे जात नाही, आणि त्याचं ते इवलंसं प्लास्टिकचं खटकं पडून राहण्याच्या काळात हमखास अर्धं उघडं राहिलेलं असतं. झाकण ठीक असेल तर थंडी. जानेवारीच्या पहाटे इथला पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि लिथियमची बॅटरी त्या थंडीत अर्धी भरलेली असूनही रिकामी असल्याचं सोंग घेते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, एवढंच. बॅटरी काढून बंडीच्या आतल्या खिशात अंगाशी दहा-पंधरा मिनिटं ठेवली की बरीचशी परत येते. दोन बॅटऱ्या असतील तर एक नेहमी खिशात असावी. मात्र त्याच खिशात किल्ल्या आणि सुटी नाणी नकोत. धातूची टोकं एकमेकांना भिडली तर नको तितकी ऊब मिळते.

आता कार्ड. ग्वाल्हेर गेटकडून किल्ला पायी चढताना चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा आजच्यासारख्या गोल शून्यानिशी कोरला आहे. ते बघून भारावलेल्या पाहुण्याला स्वतःच्या कॅमेऱ्यावरही शून्यच दिसतं. उरलेले फोटो : शून्य. मालकाने आपलं कार्ड भरलेलंच दिलेलं असतं, त्यात मुलाची मुंज, आणि तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. कॅमेरा आपुलकीने विचारतो, फॉरमॅट करू, म्हणजे सगळं पुसून कार्ड कोरं करू? करू नये. आपलं कार्ड घेऊन जावं, मालकाचं काढून पाकिटात ठेवावं, आणि आपलंच काय ते कॅमेऱ्यात फॉरमॅट करावं. कॅमेरा बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर ३२ जीबीपर्यंतचं कार्ड न्या. ६४ आणि त्यावरची कार्डं वेगळ्या पद्धतीने लिहिली जातात, जुन्या यंत्राला ती वाचता न येण्याची शक्यता असते. ‘कार्ड लॉक आहे’ असं म्हणाला तर कार्डाच्या डाव्या कडेची बारीक खिटी वर सरकवा. ती घालता-काढताना आपोआप खाली येते आणि दरवेळी एका कुटुंबाला घाबरवते. फॉरमॅट आधीच करून झालं असेल तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. वरून नवीन काही लिहिलं गेलं नाही तोवर जुने फोटो सॉफ्टवेअरने बरेचदा परत मिळतात. आणि मुंज दुसऱ्यांदा करता येत नाही.

"काका, यातून सगळंच धुरकट दिसतं." ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि तिच्यात बिघाड सर्वांत कमी. डोळा लावतो त्या खिडकीशेजारी एक चाक असतं. मालकाने ते आपल्या चष्म्याच्या नंबरानुसार फिरवून ठेवलेलं असतं, म्हणजे आपण चक्क मेहुण्याच्या डोळ्यांनी मानमंदिर बघत असतो. समोरच्या निळ्या फरशांकडे न बघता खिडकीतल्या आकड्यांकडे आणि फोकसच्या ठिपक्यांकडे बघत चाक फिरवायचं, ते तीक्ष्ण झाले की थांबायचं. फोटोवर या चाकाचा काही परिणाम होत नाही.

फोटोच धुरकट येत असेल तर लेन्सवरचं एएफ-एमएफ बटण पाहा (एएफ म्हणजे फोकस आपोआप, एमएफ म्हणजे हाताने). ते एएफवर असूनही हू की चू होत नसेल तर मालक हौशी आहे असं समजावं. हौशी लोक फोकस पुढच्या बटणावरून काढून पाठीमागे, अंगठ्याखालच्या बटणावर नेऊन ठेवतात. अंगठ्याने ते दाबा, लेन्स लगेच हलेल. धुक्यात मात्र दोष कुणाचाच नसतो. फोकसला गडद-फिक्याची कड लागते, आणि धुक्यात समोर असते नुसती पांढरी भिंत. बुरुजाची कड किंवा झाडाची फांदी धरावी.

रंग आणि उजेड यांवरून मालकाचं शेवटचं कार्य कोणतं ते मी सहसा ओळखतो. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० वर, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचं सेटिंग, बल्बच्या चिन्हावर, फ्लॅश उघडा म्हणजे हॉलमधलं लग्न. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे दोनवर म्हणजे दिवाळीतले फटाके. सेल्फ टायमर दहा सेकंदांवर म्हणजे सहकुटुंब सहपरिवार, आणि मालक धावत येऊन डावीकडे बसलेला. यातलं बरंचसं कॅमेरा बंद केल्यावरही आत तसंच राहतं. त्यातला बल्बचा प्रकार मानमंदिरावर फार फसवा, कारण बल्बच्या सेटिंगवर उन्हातलं सगळं निळं येतं आणि या वाड्याच्या फरशा मुळातच निळ्या. पाहुणा खूश. सहस्रबाहूच्या देवळापाशी पत्नीचा चेहराही त्याच रंगाचा आला की मग बोंब होते.

समारोहात जाताना दोन गोष्टी आधीच बंद करा : फोकस लागल्याची पीं-पीं आणि फ्लॅश. अंगच्या छोट्या फ्लॅशचा उजेड साध्या लेन्सवर आयएसओ १०० ला दोन-तीन मीटरच पोचतो. गायक बारा मीटरवर असतो. मधे उजळून निघतं ते पुढच्या रांगेतल्या आजोबांचं टक्कल. पीं-पींबद्दल तर काय सांगावं? विलंबित आलापात षड्ज लागतोय आणि आपला कॅमेरा त्याच्या शेजारी स्वतःचा एक सूर लावतोय. अशा वेळी ग्वाल्हेरचे जुने श्रोते मागे वळून नुसते बघतात.

आता धुकं, कारण इथे खरा बिघाड होऊ शकतो. पहाटे किल्ल्यावर गारठलेला कॅमेरा घेऊन हीटर लावलेल्या खोलीत शिरलं की खोलीतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते, बाहेरून आणि आतूनही. म्हणून बाहेर असतानाच कार्ड काढून घ्यावं, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी, तोंड बंद करावं आणि तासभर ती उघडू नये. पाणी पिशवीवर बसतं. कार्ड हातात असल्यामुळे फोटोही बघता येतात, नाहीतर मुलं पिशवी उघडल्याशिवाय राहत नाहीत. गार असताना लेन्स काढू नये. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा घरगुती सल्ला देणाऱ्या आत्याला नमस्कार करावा आणि तांदूळ भातासाठी ठेवावा, त्याची पूड लेन्सच्या सांध्यात जाते.

दुसरा खरा शत्रू गजक. हिवाळ्यात इथे प्रत्येक हातात गजक असते, म्हणजे तीळ आणि गूळ. तीळ बटणाच्या फटीत जातो, गूळ बटण चिकटवतो, आणि त्याच बोटांनी लेन्स बदलली तर लेन्सच्या पाठीमागचे सोनेरी ठिपके माखतात. मग पडद्यावर ‘एरर’ येते किंवा लेन्सच्या छिद्राच्या, म्हणजे ‘एफ’च्या, आकड्याच्या जागी आडव्या रेघा. लेन्स आणि कॅमेरा यांचं बोलणं तुटलं, असा त्याचा अर्थ. कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे करा, बटण दाबून लेन्स काढा. समोरून पाहता कॅननची घड्याळाच्या उलट्या दिशेने निघते, निकॉनची घड्याळाच्या दिशेने. उलट जोर लावणाऱ्यांचे हात बळकट आणि हिशेब मोठे होतात. ठिपके चष्म्याच्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा. खोडरबर नको, त्याचे कण आत पडतात. आत फुंकर तर मुळीच नको, थुंकीचा शिंतोडा धुळीपेक्षा वाईट. रबरी फुग्याने हवा मारावी. आतल्या आरशाला आणि त्यामागच्या पडद्याला हात लावू नये. एवढं करून एरर राहिली, तर शहरातल्या बाड्यावरच्या, म्हणजे महाराज बाडा चौकातल्या, फोटो स्टुडिओवाल्याकडे जावं. तो आधी "छेड़ा तो नहीं?" विचारतो. नाही म्हणावं.

खिडकीतून काळा ठिपका दिसतो पण फोटोत येत नाही, तर धूळ आरशावर किंवा वरच्या काचेवर आहे, विसरून जा. प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी येतो, तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या चकत्यावर, आहे. एफ १६ ला तो ठसठशीत दिसतो, ५.६ ला जवळपास विरतो. प्रवासात ५.६ वर राहावं.

राहिलं लेन्सचं झाकण. ते किल्ल्यावर हरवतंच, तेलीच्या देवळापाशी थोडं जास्त. नवीन आणताना लोक लेन्सवर १८-५५ वाचतात आणि ५५ चं झाकण घेऊन येतात, जे बहुतेकदा बसत नाही. ते आकडे लेन्सच्या पल्ल्याचे आहेत. झाकणाचं माप लेन्सच्या तोंडाशी, तिरपी रेघ मारलेल्या गोलाच्या पुढे असतं : ५२, ५८, ६७ असं काही. त्या मापाचं झाकण घ्या, कंपनीचं नाव नसलेलं चालेल, आणि मालकाला सांगा, "भाऊजी, जुनं जरा सैल होत होतं."